मुलीच्या दंडावर बोटांचे वळ दिसले, आता काय करू?

एका ताईंचा प्रश्न आलाय, लांब होता म्हणून थोडक्यात देते. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्स, नीटचा क्लास लावलाय. मागच्या आठवड्यात आंघोळ करून बाहेर आली तेव्हा दंडावर चार बोटांचे निळे वळ दिसले, विचारलं तर म्हणाली बसमध्ये दांडा लागला. मग तिच्या मैत्रिणीकडून कळलं की क्लासमधल्या एका मुलाबरोबर आठ महिन्यांपासून "आहे" आणि तो रागात कधीकधी हात उचलतो. मुलगा सतरा-अठराचा. मिस्टरांना माहीत नाही, ते तापट आहेत. क्लास बंद करू का, फोन काढून घेऊ का, मामाकडे गावी पाठवू का, का सरळ जाऊन त्या पोराच्या दोन कानाखाली देऊ? आणि अगदी शेवटी एक वाक्य: "तसं सुरुवातीला एखादी थप्पड आमच्यातही झालीये, मी उगाच मोठं करतेय का?"

ताई, त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. नाही, तुम्ही उगाच मोठं करत नाहीये. आणि इतक्या वर्षांनी, मुलीबद्दल लिहिताना, एका अनोळखी बाईला तुम्हाला ती थप्पड सांगाविशी वाटली म्हणजे ती किती छोटी होती ते तुमचं तुम्हालाच माहितीये. त्यावर मी नंतर येते.

मी बावीस वर्षं हे काम करतेय, आधी एका महिला सहाय्य केंद्रात आणि मग पुण्यातल्या ज्युनियर कॉलेजांमध्ये समुपदेशक म्हणून. खाली जी उदाहरणं देतेय त्यातले तपशील सगळे बदललेत.

तुमचे चारही उपाय आजच्यापुरते बाजूला ठेवा. ते चूक का आहेत हे सांगायच्या आधी ती खोटं का बोलली ते बघू, कारण बसचा दांडा ही थाप तिने तुम्हाला फसवायला मारलेली नाही. आपल्याकडे मुलीला "त्याने मला मारलं" असं घरी सांगायचं तर आधी "माझा तो आहे" हे कबूल करावं लागतं. म्हणजे चोरी झालीये अशी तक्रार द्यायला गेलं तर आधी तुमच्यावरच गुन्हा दाखल होणार असा मामला. आणि एकदा कबूल केलं की घरात चर्चा कशावर होते? कोण, कुठला, आडनाव काय, किती दिवस चाललंय, अजून काय काय झालंय, सोसायटीत कोणाला माहितीये का. मार राहतो बाजूला. एका मुलीने तर मला सांगितलं की मॅडम तो मारतो तेव्हा पाच मिनिटांत संपतं, घरी कळलं तर बारावीपर्यंत संपणार नाही.

तो मुलगाही हे पुरतं ओळखून असतो. "सांग ना घरी, बघू मार कोणाला पडतो ते" हे वाक्य थोड्याफार फरकाने मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलंय की मला आता ते पाठ झालंय. म्हणजे बघा, त्याच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार तुमचं घर आहे. तुम्ही फोन काढून घेतलात, क्लास बंद केलात की त्याने जे सांगितलं होतं तेच खरं ठरतं, आणि मग ती पुढच्या वेळी बसचा दांडासुद्धा सांगणार नाही, फुल बाह्यांचा टॉप घालेल आणि विषय संपला. मे महिन्यात फुल बाह्या घालून येणारी, वर्गात बसल्यावरही स्कार्फ न सोडणारी पोरगी दिसली की आम्हा लोकांची मान आपोआप वळते.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि बाकी सगळं त्यातूनच निघतं: मार ही एक फाईल आणि प्रेमप्रकरण ही दुसरी फाईल. आज फक्त पहिली उघडायची. दुसरी महिन्याभराने उघडली तरी आभाळ कोसळत नाही, तोपर्यंत जीभ चावून बसायचं. अवघड आहे, मला माहितीये, मलाही मुलगी आहे.

अजून एक अडचण शब्दांची आहे. आपल्या पिढीला हिंसा म्हटलं की एकतर्फी प्रेम आठवतं. १९९० साली उल्हासनगरला परीक्षेच्या हॉलमध्ये घुसून दहावीच्या मुलीला जाळलं, १९९८ ला सांगलीत भररस्त्यात मुलीला भोसकलं, २०२० ला हिंगणघाटला कॉलेजला निघालेल्या प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकलं, २०२३ ला पुण्यात सदाशिव पेठेत दिवसाढवळ्या कोयता घेऊन पोरगा मुलीच्या मागे धावला आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनी मध्ये पडून तिला वाचवलं. नकार पचला नाही म्हणून हल्ला, ही गोष्ट आपल्याला कळते, तिला पेपरात जागा आहे, कॉलेजात त्यावर व्याख्यानं होतात. पण दोघांचं जमलंय, रोज भेटतात, वाढदिवसाला केक कापतात आणि त्यातच अधूनमधून तो तिचा दंड आवळतो किंवा कानाखाली देतो, याला मराठीत शब्दच नाही. मग पोरी त्याला काय म्हणतात? "पझेसिव्ह आहे." "त्याला राग लवकर येतो." "मस्ती करत होतो." एक मुलगी हाताला चावल्याची खूण दाखवून म्हणाली, लव्ह बाईट आहे. रक्त साकळलं होतं तिथे.

ही काही आपल्याच पोरांची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली आकडे मांडले त्यात जगभरातल्या १५ ते १९ वयाच्या, कधीतरी जोडीदार असलेल्या मुलींपैकी २४ टक्के, म्हणजे जवळपास चौघींत एक, जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली निघाली. यात लग्न झालेल्याही आल्या. आपल्या देशातला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा मला जास्त झोंबतो: अमुक कारण असेल तर नवऱ्याने बायकोला मारणं योग्य, असं मानणाऱ्या बायका ४५ टक्के आणि पुरुष ४४ टक्के. बायका एक टक्का जास्तच! सोळा वर्षांची मुलगी ह्याच हवेत वाढलीये, तिला पहिल्या थप्पडीला राग येण्याआधी "माझंच काहीतरी चुकलं असेल" असं वाटतं यात नवल ते काय.

आता मार दिसतो कसा ते सांगते, कारण बहुतेक आयांना फक्त तोंडावरची सूज शोधायची माहिती असते. तोंडावर मारलेलं दिसतं ना, म्हणून बरेचदा झाकता येईल अशा जागी मारतात. दंडाची आतली बाजू, मांडी, पाठ, डोक्यातले केस ओढणं (हे तर दिसतच नाही, फक्त तेल लावताना पोरगी विव्हळते), मनगट पिरगाळणं, भिंतीला किंवा गाडीला ढकलणं, पार्किंगमध्ये वाट अडवून उभं राहणं. फोन हिसकावून आपटणं, हाही मारच. आणि एक प्रकार तर फार जणी सांगतात पण कोणी त्याला हिंसा म्हणत नाही, भांडण झालं की तिला मागे बसवून गाडी ऐंशी-नव्वदने पळवायची, ती रडून सॉरी म्हणेपर्यंत. ते पोरगं आयुष्यात तिच्या अंगाला बोट न लावता तिला मारायची भीती घालत असतं.

मारायच्या आधी बरेच महिने दुसरं चाललेलं असतं. लाइव्ह लोकेशन चालू ठेव, पासवर्ड दे, डीपी का बदलला, तो तुझ्या स्टोरीला हार्ट का टाकतो, या मैत्रिणीशी बोलू नको ती तुला बिघडवते. सुरुवातीला पोरींना हे भारी वाटतं, कोणीतरी आपली एवढी काळजी करतंय म्हणून. मग पहिली थप्पड, मग रडारड, पायावर डोकं, हातावर ब्लेडने नाव, महागातलं चॉकलेट, पंधरा दिवस स्वर्ग. मग परत. अमेरिकेतल्या लेनोर वॉकर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली हे चक्र लग्न झालेल्या बायकांच्या बाबतीत मांडलं होतं, सगळीकडे ते असंच चालतं असं नाही, काहींच्या बाबतीत रडारडीचा भाग येतच नाही. पण पोरापोरींमध्ये मला ते बरंच तंतोतंत दिसतं, फक्त त्यांचं चक्र वर्षाचं नसतं, आठवड्याचं असतं, सोमवारी ब्रेकअप आणि गुरुवारी पॅचअप.

तर बोलायचं कसं. समोर बसवून "आता मला सगळं खरं खरं सांग" असं अजिबात नको, ती पोलीस चौकी होते. स्वयंपाक करताना, गाडीवरून जाताना, रात्री लाईट घालवल्यावर, म्हणजे एकमेकींच्या डोळ्यात बघायला लागणार नाही अशी वेळ निवडा. आणि पहिलं वाक्य साधारण असं: "तुझ्या दंडावर बोटं उमटलेली मी बघितली. बसचा दांडा नाहीये तो. मला आत्ता फक्त एवढंच कळायला हवंय की तू सेफ आहेस का. बाकी काही मी विचारणार नाही." मग गप्प बसायचं. खरंच गप्प. ती कदाचित उठून जाईल, दार आपटेल, दोन दिवस बोलणार नाही. चालेल. एका आईने हे वाक्य बोलून नऊ दिवस वाट बघितली, दहाव्या दिवशी पोरगी रात्री दोन वाजता येऊन तिच्या गादीवर झोपली आणि मग बोलली.

बोलायला लागली की तीन गोष्टी टाळा. "मी सांगत होते ना", "त्याच्यात काय बघितलंस" आणि "तू काय केलंस म्हणून त्याने मारलं". तिसरं वाक्य आपण सगळ्याच जणी नकळत बोलतो हो, मी स्वतः नवीन असताना एका मुलीला विचारलं होतं, ती परत आलीच नाही. त्या मुलाला शिव्याही देऊ नका, नाहीतर ती त्याची बाजू घेऊन भांडायला लागेल आणि तुम्ही दोघी समोरासमोर, तो मजेत बाहेर. मारण्याबद्दल बोला, पोराबद्दल नाही. "उद्याच्या उद्या सोड त्याला" हेही नको. बहुतेक मुली एकदा सोडून परत जातात, काही जणी चार-पाचदा. परत गेली तरी तुमच्याकडे येता आलं पाहिजे, एवढं दार उघडं ठेवा.

एक प्रश्न मात्र विचारायचाच, आणि स्पष्ट शब्दात: त्याने कधी गळा धरलाय का? दाबलाय का? उशी, ओढणी, कोपर, काहीही. याच्याकडे मी कधीच "बघू नंतर" म्हणून बघत नाही. अमेरिकेत २००८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, जोडीदाराने आधी कधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याकडून खून होण्याची शक्यता सातपटीच्या वर निघाली. आणि फसवी गोष्ट अशी की गळ्यावर बाहेरून खूण नसूही शकते. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल ठिपके आलेत, चक्कर आली होती, क्षणभर काळोख झाला, कपड्यात लघवी झाली, यातलं एक जरी असलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. गळ्यातल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली तर काही दिवसांनीही अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो, म्हणून नंतर डोकं भयंकर दुखलं, बोलताना जीभ अडखळली, हातात जोर नाहीसा झाला तरी थांबायचं नाही, आणि डॉक्टरला "गळा दाबला होता" हे शब्द सांगायचेच. पोरं आजकाल व्हिडिओ बघून हे "गंमत" म्हणूनही करतात. गंमत वगैरे काही नाही त्यात.

गळा, हत्यार (चाकू, कटर, बेल्ट), मारून टाकायची धमकी, पाठलाग, किंवा मी मरतो तुलाही नेतो असली भाषा, यातलं काही असेल तर मग वाट बघायची नाही, फाईलबिईल विसरा, नवऱ्याला सांगा, पोलिसांकडे जा.

"मी नस कापून घेईन" याबद्दल वेगळं लिहिते कारण पोरींना बांधून ठेवणारी सगळ्यात घट्ट दोरी हीच. ती घाबरते, रात्री बारा वाजता व्हिडिओ कॉलवर बसून त्याची समजूत काढते. तिला सांगायचं की ही धमकी खरी मानायची, म्हणूनच ती तू एकटीने झेलायची नाही. त्याच्या आईबापाला कळवायचं, १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी टेलिमानस नंबर २०२२ पासून चालू आहे तो त्याला द्यायचा, तो खरंच काही करतोय असं वाटलं तर ११२, म्हणजे पोलिसांचा तातडीचा नंबर. त्याचा जीव वाचवायची जबाबदारी अकरावीतल्या पोरीची नाही.

सोडायचं ठरलं तर सगळ्यात धोक्याचे शब्द म्हणजे "शेवटचं एकदा भेट". गिफ्ट परत द्यायला, टी-शर्ट परत घ्यायला, शांतपणे बोलून संपवायला. माझ्याकडच्या बऱ्याच वाईट केसेसमध्ये सगळ्यात जास्त मार ह्याच भेटीत पडलाय, टेकडीवर, त्याच्या मित्राच्या रिकाम्या फ्लॅटवर, कॅफेच्या वरच्या मजल्यावर. शेवटची भेट नाही, म्हणजे नाही. एक मेसेज, साधा, भांडण नसलेला, आणि त्याचा स्क्रीनशॉट. वस्तू मैत्रिणीच्या हाती. मग काही आठवडे क्लासला जातायेता सोबत, रस्ता आणि वेळ थोडी बदलून. फोनमधलं लोकेशन शेअरिंग बंद, व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपवर चालू आहे का ते बघायचं, इन्स्टाचा पासवर्ड बदलायचा, आणि हे सगळं तिने करायचं, तुम्ही शेजारी बसायचं.

एक मायलेकींनी खूण ठरवली होती, मुलीने "आई, जिरे संपलेत का" असा मेसेज टाकला की आईने लगेच फोन करून "आत्ताच्या आत्ता घरी ये, आजीला बरं नाही" असं ओरडायचं. दोनदा वापरली ती खूण. आजी ठणठणीत आहेत.

म्हणूनच फोन काढून घेऊ नका. फोन हाच तिचा धागा आहे, मैत्रिणीशी, तुमच्याशी, ११२ शी, आणि पुरावाही त्यातच. घाबरून चॅट डिलीट करतात पोरी, तिला सांगा काही पुसू नकोस, मी वाचणार नाही पण ठेव.

मैत्रिणीवरून आठवलं. तुम्हाला जिने सांगितलं तिच्यावर चिडू नका आणि तिचं नाव मुलीसमोर फोडूही नका. या वयात पोरं पहिल्यांदा मैत्रिणीलाच सांगतात, आम्ही फार नंतर येतो. त्या मुलीने मोठी हिंमत केलीये.

आता कायदा, कारण इथे सगळेच गोंधळतात. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा इथे लागत नाही, त्याला एका घरात राहण्याचं नातं लागतं, आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नुसतं वीकेंडला भेटणं हे लग्नासारखं नातं होत नाही. मग नुसती मारहाण असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११५, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा अदखलपात्र, म्हणजे चौकीत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून पाठवतात आणि लोक वैतागतात की काहीच झालं नाही. पण एनसीची कॉपी घेऊन ठेवा, पुढच्या वेळी ती कामाला येते. हत्यार वापरलं तर कलम ११८, नको म्हटल्यावरही पाठलाग, सतत मेसेज केले तर ७८, ही दखलपात्र आहेत, तिथे एफआयआर व्हायलाच हवा. पोरगा अठराच्या आत असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, किरकोळ गुन्ह्यात सहसा एफआयआर न करता डायरीत नोंद करून मंडळाला अहवाल देतात. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा, तोच मागायचा.

आणि पॉक्सो. हे नीट वाचा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवायच्या २०१२ च्या या कायद्यात अठराच्या आतली मुलगी म्हणजे बालक, तिची संमती मोजतच नाहीत, दोघांची मर्जी होती, दोघंही सतरा वर्षांचे होते, तरी सूट नाही. लैंगिक काही घडलंय हे ज्याला कळलं त्याने कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक, न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. डॉक्टर, शिक्षक, मी, तुम्ही, सगळे आलो त्यात. नुसत्या थप्पडीला हे लागू नाही, पण किस, स्पर्श इथपासून पुढे ते लागू शकतं. मी म्हणून मुलगी तोंड उघडायच्या आधीच तिला सांगते की बाई, या या गोष्टी तू मला सांगितल्यास तर मला त्या पोटात ठेवता येणार नाहीत. काही जणी तिथेच उठून जातात. मला हे मान्य करायला आवडत नाही पण मुलांना वाचवायला केलेल्या या तरतुदीमुळे मार खाणाऱ्या कितीतरी मुली आमच्यापर्यंत पोचतच नाहीत. सरकारला कायद्यांबद्दल सल्ला देणाऱ्या विधी आयोगाने २०२३ साली संमतीचं वय अठराच ठेवा असं सांगितलंय, त्यामागची त्यांची कारणंही आहेत, बालविवाह आणि मुलींची विक्री ही खोटी भीती नाहीच. पण माझ्या खोलीतल्या खुर्चीवरून चित्र वेगळं दिसतं एवढंच.

उलट बाजूनेही सांगते, पॉक्सोचा वापर "त्या पोराला अडकवायला" करू नका. प्रेम मोडायला वडिलांनी केस टाकायची आणि मुलीला कोर्टात उभं करायचं, यात तिची जी फरफट होते ती मी बघितलीये. जबरदस्ती झाली असेल, फोटोवरून ब्लॅकमेल असेल, तर मात्र जरूर. जबाब घरीसुद्धा घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आणि मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

पोलिसांत थेट जायचं नसेल तर १०९८ आहे, १९९६ साली मुंबईत सुरू झालेली मुलांची हेल्पलाइन, २०२३ पासून सरकारी यंत्रणेत घेऊन ११२ शी जोडलीये. जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर असतं, हिंसा सोसलेल्या बायका-मुलींना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र. बऱ्याच ठिकाणी पोलीस ठाण्यातच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष आहे, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईत सुरू केलेलं काम, तिथे गणवेशातला माणूस नसतो, समाजकार्य शिकलेली बाई भेटते. मुंबईत असाल तर बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात हिंसा सोसलेल्या बायकांसाठी २००० पासून दिलासा केंद्र आहे. माझा अनुभव, पहिल्या फोनला कोणी नीट बोललं नाही तर दुसऱ्यांदा करा, समोरचं माणूस बदलतं.

दोघांना समोरासमोर बसवून "मिटवून टाकू" म्हणणारे भेटतील, कॉलेजातही भेटतील, नातेवाईकांत तर नक्कीच. मार असेल तिथे एकत्र समुपदेशन आम्ही करत नाही, खोलीत ती काय बोलली त्याचा हिशोब बाहेर रस्त्यावर होतो. एका ठिकाणी तर मुलीला त्या मुलाच्या हाताला राखी बांधायला लावली होती. मला हसावं का रडावं कळेना. आणि दुसरं टोक म्हणजे "बदनामी झालीच आहे तर लग्नच लावून टाकू". अठराच्या आत ते बेकायदा आहे हे एक, आणि जो आत्ता मारतो त्याच्याकडेच तिला कायमची पाठवायची, हे कोणत्या हिशोबात बसतं?

आता तो पोरगा. त्याला दोन कानाखाली द्यायची इच्छा समजू शकते, पण तुम्ही त्याला नवीन काय शिकवणार? राग आला की हात उचलायचा, हे त्याला येतंच. माझ्याकडे पाठवलेल्या मारणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी घरी आईला मार खाताना पाहिलेलं होतं, किंवा स्वतः बेल्टने खाल्लेला होता. सगळ्यांनी नाही, काही अगदी साध्या सरळ घरातले, लाडावलेले, "नाही" हा शब्द आयुष्यात न ऐकलेले. एक पोरगा म्हणाला, मॅडम ती माझी आहे म्हणून मारलं, दुसऱ्या कोणाला मारलं का मी? त्याला खरंच वाटत होतं की हा त्याचा चांगुलपणा आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणाचा मुलगा असा असेल तर लपवू नका. मुंबईत मावा ही पुरुषांची संघटना १९९३ पासून मुलग्यांबरोबर याच विषयावर काम करतेय, मुंबईतच क्रिकेट कोचना शिकवून त्यांच्यामार्फत पोरांशी बोलायचा परिवर्तन नावाचा उपक्रमही झालाय. कोच बोलला की पोरं ऐकतात, आमचं ऐकत नाहीत. सोळा-सतराव्या वर्षी हे सुटू शकतं, तिशीत फार जड जातं.

मुलीही मारतात, हो. नखं, चावणं, सगळ्यांसमोर थप्पड, आणि पोरगा हसण्यावारी नेतो कारण मित्रांमध्ये "पोरीचा मार खाल्ला" कोण सांगणार. त्यालाही विचारायला हवं. दोन मुलींमध्ये किंवा दोन मुलांमध्ये असेल तर तोंड उघडणं अजून कठीण, कारण तिथे घरच्यांना सांगायची पहिली गोष्ट त्याहून मोठी असते.

राहिले तुमचे मिस्टर. सांगायचंय, पण आधी मुलीला विचारून आणि तुम्ही ठरवलेल्या वेळेला. त्यांनी हात उचलला तर काय, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत पण मला तो दिसतोय. मामा, काका, मोठी बहीण, ज्यांचं ते ऐकतात असं कोणीतरी त्या वेळी घरात असू द्या, आणि मुलीला दुसरीकडे पाठवा त्या संध्याकाळपुरती. नवऱ्याला पहिलं वाक्य "आपल्या पोरीला कोणीतरी मारतंय" हे सांगा, "तिचं लफडं आहे" हे नाही. बाप कोणत्या वाक्यावर उठतो त्यावर पुढचं बरंच ठरतं.

आणि ती तुमची जुनी थप्पड. मुलीला सांगायची की नाही हे मी ठरवू शकत नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, माझ्याकडच्या एका आईने सांगितली होती, पोळ्या लाटता लाटता, मुलीकडे न बघता, "मला तेव्हा कोणीच विचारलं नाही गं". ती मुलगी पोरगा सोडून लगेच आली वगैरे असं काही झालं नाही. तिने फक्त विचारलं, मग तू काय केलंस? आणि दोघी बराच वेळ बोलत बसल्या.

आज रात्री एवढंच करा. तिला विचारून, ती हो म्हणाली तरच, दंडाचा फोटो काढा, एक जवळून आणि एक चेहरा दिसेल असा लांबून, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि तारखेसकट कुठेतरी जपून ठेवा, तिच्याच फोनमध्ये नको. तुम्ही मागच्या आठवड्यात वळ बघितलेत म्हणताय, म्हणजे एव्हाना ते पिवळे पडायला लागले असतील, अजून चार दिवसांनी काही दिसणार नाही.